लिनक्स बसवताना पडदा काळा पडतो तेव्हा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला, आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप नसल्यामुळे किंवा प्रोसेसर मान्य यादीत बसत नसल्यामुळे ज्यांवर विंडोज ११ चढत नाही, असे पुष्कळ धडधाकट संगणक घरांत, शाळांत आणि लहान कार्यालयांत मागे उरले. ते भंगारात न काढता आणखी काही वर्षे कामात ठेवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे लिनक्स ही मुक्त संगणकप्रणाली होय. उबुंटू, लिनक्स मिंट, फेडोरा, डेबियन ही तिची प्रचलित रूपे, ज्यांना ‘डिस्ट्रो’ म्हटले जाते, इंटरनेटवरून विनामूल्य उतरवून पेन ड्राइव्हवर घेता येतात आणि त्या पेन ड्राइव्हवरूनच संगणक सुरू करून बसवता येतात. ही स्थापना आज बहुतेक संगणकांवर निर्विघ्न पार पडते; परंतु जिथे ती अडते, तिथे नवख्या माणसाला सर्वाधिक घाबरवणारी अडचण पडद्याची असते, कारण इतर बिघाडांत काय बिघडले ते निदान पडद्यावर वाचता येते आणि इथे वाचण्याचे साधनच गेलेले असते.

ही अडचण अनेक रूपांत समोर येते. कधी सुरुवातीची यादी दिसून पडदा एकदम काळा होतो, कधी मॉनिटर स्वतःच ‘आउट ऑफ रेंज’ किंवा ‘इनपुट नॉट सपोर्टेड’ अशी सूचना दाखवतो, कधी चित्र दिसते पण अक्षरे फुगलेली आणि पसरट असतात, तर टीव्हीला जोडलेल्या संगणकात चारही कडा कापल्या जाऊन खालची पट्टी दिसेनाशी होते. अशा वेळी उतरवलेली फाइल खराब असावी, संगणक बिघडला असावा किंवा लिनक्स आपल्या यंत्रावर चालतच नसावे, असा निष्कर्ष काढला जातो आणि तीच स्थापना पुन्हा पुन्हा केली जाते. वास्तविक या बहुतेक प्रसंगी संगणक आत व्यवस्थित चालू असतो. चित्र तयार करून मॉनिटरपर्यंत पोहोचवण्याच्या वाटेवर एक टप्पा चुकलेला असतो, आणि चित्र नेमके कोणत्या टप्प्यावर हरवले हे पाहिले की उपाय बहुधा आपोआप ठरतो.

ते टप्पे असे. संगणकाचे बटण दाबल्यावर सर्वप्रथम मदरबोर्डवरील चिपमध्ये कायम साठवलेला प्रारंभिक कार्यक्रम चालतो. जुन्या यंत्रांत त्याला बायोस आणि आताच्या यंत्रांत यूईएफआय म्हणतात. हा कार्यक्रम ग्राफिक्स कार्डाकडून अगदी साधे काम करून घेतो, म्हणजे स्मृतीतील एक ठरावीक भाग राखून ठेवतो आणि त्या भागात जे लिहिले जाईल ते ठिपक्या-ठिपक्यांनी पडद्यावर उमटवतो. या राखीव भागाला ‘फ्रेमबफर’ असे नाव आहे. कंपनीचे चिन्ह याच मार्गाने दिसते, आणि त्यानंतर येणारी ‘ग्रब’ नावाच्या प्रारंभक कार्यक्रमाची यादीही याच साध्या सोयीवर उभी असते. यादीतून निवड केल्यावर लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, स्मृतीत उतरतो. तोही काही क्षण हीच सोय वापरतो, परंतु लवकरच ग्राफिक्स कार्डाचा खरा ड्रायव्हर, म्हणजे त्या कार्डाची भाषा जाणणारा कर्नलचा भाग, ताबा घेतो आणि पडद्याची रुंदी, उंची व दर सेकंदाला किती वेळा चित्र नव्याने काढायचे हा वेग स्वतः ठरवतो. या कृतीला ‘कर्नल मोड सेटिंग’ म्हणतात. २००९ मध्ये आलेल्या कर्नलच्या २.६.२९ या आवृत्तीत ती इंटेलच्या ग्राफिक्ससाठी मुख्य प्रवाहात आली. त्याआधी हे काम कर्नलच्या बाहेर, खिडक्या रंगवणाऱ्या ‘एक्स’ या कार्यक्रमाकडे होते. अखेरीस एक्स किंवा त्याच्या जागी आता रुळलेला वेलँड हा नवा मार्ग वापरणारा कार्यक्रम लॉगिनचा पडदा आणि डेस्कटॉप उभा करतो.

चित्राचा ताबा असा हातोहात पुढे जात असल्यामुळे निदानाची रीतही त्याच क्रमाने चालते. बटण दाबल्यावर कंपनीचे चिन्हसुद्धा दिसत नसेल तर लिनक्सचा त्यात काहीही संबंध नसतो. अशा वेळी मॉनिटरच्या बटणांतून योग्य इनपुट निवडले आहे का, केबल दोन्ही टोकांना घट्ट बसली आहे का हे पाहावे, आणि डेस्कटॉप संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवलेले असेल तर मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टमध्ये न लावता त्या कार्डाच्या पोर्टमध्ये लावली आहे ना, याची खात्री करावी. ग्रबची यादी दिसते आणि कर्नल सुरू झाल्यावर पडदा काळा होतो, तर दोष बहुधा खऱ्या ड्रायव्हरने ताबा घेण्याच्या क्षणी झालेला असतो. पांढऱ्या अक्षरांतील संदेश सरसर जातात आणि लॉगिनच्या वेळी अंधार होतो, तर शेवटच्या टप्प्याकडे, म्हणजे एक्स किंवा वेलँडकडे, संशयाने पाहावे.

पडदा काळा असताना संगणक जिवंत आहे की नाही हे ओळखण्याच्याही सोप्या खुणा आहेत. कीबोर्डवरील कॅप्स लॉक दाबल्यावर त्याचा दिवा लागत-विझत असेल तर कर्नल चालू आहे असे समजावे. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ ही बटणे एकत्र दाबली असता बहुतेक डिस्ट्रोंमध्ये केवळ अक्षरांचा एक पडदा उघडतो, ज्याला ‘कन्सोल’ म्हणतात. तो दिसला तर ड्रायव्हर ठीक असून बिघाड डेस्कटॉपपुरता आहे हे कळते, आणि तेथूनच दुरुस्तीचे आदेशही देता येतात. लॅपटॉपच्या बाबतीत आणखी एक चाचणी करण्यासारखी आहे: अंधाऱ्या खोलीत पडद्यावर तिरकस विजेरी मारून पाहावी, आणि पुसट का होईना चित्र दिसत असेल तर चित्र तयार होत आहे, फक्त पडद्यामागचा उजेड, म्हणजे बॅकलाइट, बंद किंवा शून्यावर आहे. अशा यंत्रांत उजेडाचे नियंत्रण बायोस किंवा यूईएफआयच्या मार्गाने करावे की थेट ग्राफिक्स ड्रायव्हरच्या, याबद्दल कर्नलचा अंदाज चुकलेला असू शकतो, आणि ‘एसीपीआय बॅकलाइट’ या नावाचा पर्याय कर्नलला देऊन तो अंदाज बदलता येतो.

दोष खऱ्या ड्रायव्हरने ताबा घेण्याच्या टप्प्यावर असेल तर पहिला उपाय बहुतेक डिस्ट्रोंनी यादीतच ठेवलेला असतो. उबुंटूत ‘सेफ ग्राफिक्स’, मिंटमध्ये ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ आणि फेडोरात ‘ट्रबलशूटिंग’ या उपयादीतील ‘बेसिक ग्राफिक्स मोड’ ही त्याचीच नावे आहेत. या सर्वांच्या मुळाशी ‘नोमोडसेट’ हा शब्द आहे. कर्नलला तो सांगितला की खऱ्या ड्रायव्हरला ताबा घेण्यापासून रोखले जाते आणि यूईएफआयने मांडून ठेवलेल्या साध्या फ्रेमबफरवरच काम चालू राहते. यादीत तशी सोय नसेल तर ग्रबमध्ये हव्या त्या ओळीवर येऊन इंग्रजी ई हे बटण दाबावे, ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून एन, ओ, एम, ओ, डी, ई, एस, ई, टी ही नऊ अक्षरे लहान लिपीत सलग लिहावीत, आणि कंट्रोल व एक्स किंवा एफ१० दाबून पुढे जावे. त्याच ओळीत ‘क्वाएट’ आणि ‘स्प्लॅश’ असे शब्द असल्यास ते काढून टाकणे विशेष उपयोगी ठरते, कारण त्यांच्यामुळे कर्नलचे संदेश सजावटीच्या चित्रामागे झाकले जातात आणि अंधार होण्याआधी कर्नल काय सांगत होता हे कळत नाही. ग्रबमध्ये केलेला हा बदल त्या एका वेळेपुरताच राहतो, त्यामुळे तो करून पाहण्यात काहीही धोका नाही. स्थापनेनंतर ग्रबची यादी दिसेनाशी झाली असेल तर संगणक सुरू होताना यूईएफआय यंत्रांत एस्केप आणि जुन्या बायोस यंत्रांत शिफ्ट दाबल्यास ती पुन्हा दिसते.

नोमोडसेट ही मात्र मोडलेल्या पायाची कुबडी आहे, हे इथे स्पष्ट सांगणे भाग आहे. तिच्या आधारे स्थापना पूर्ण करावी, योग्य ड्रायव्हर बसवावा आणि मग ती टाकून द्यावी. कारण ती असेपर्यंत ग्राफिक्स कार्डाची ताकद वापरलीच जात नाही, चित्रांचा सारा भार प्रोसेसरवर पडतो, पडद्याचे माप बदलता येत नाही आणि दुसरा मॉनिटर सहसा चालत नाही. काही इन्स्टॉलर हा शब्द बसवलेल्या प्रणालीतही तसाच नेतात, आणि ‘लिनक्स फार संथ चालते’ अशी तक्रार करणाऱ्यांच्या यंत्रांत कधी कधी तोच विसरून राहिलेला सापडतो. उबुंटू आणि डेबियनच्या कुळात ‘ईटीसी’ या फोल्डरातील ‘डिफॉल्ट’ या उपफोल्डरात ‘ग्रब’ नावाची फाइल असते. तिच्यातून तो शब्द काढून ‘अपडेट-ग्रब’ हा आदेश दिला की पुढच्या वेळी खरा ड्रायव्हर काम करू लागतो.

ड्रायव्हरच्या या प्रश्नाला एक इतिहास आहे आणि तो मुख्यतः एनव्हीडिया कंपनीच्या कार्डांशी निगडित आहे. इंटेल आणि एएमडी यांचे ड्रायव्हर खुल्या स्वरूपात कर्नलमध्येच असतात. एनव्हीडियाने मात्र दीर्घकाळ आपला ड्रायव्हर बंदिस्त ठेवला, म्हणून स्वयंसेवकांनी कार्डाचे वर्तन बाहेरून निरखून, कंपनीच्या कागदपत्रांविना ‘नूव्हो’ नावाचा खुला ड्रायव्हर लिहिला, आणि २०१० मध्ये तो कर्नलच्या २.६.३३ या आवृत्तीत दाखल झाला. २०१४ पासूनच्या कार्डांत कंपनीने आपल्या सहीचे फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आत चालणारा कार्यक्रम, अनिवार्य केल्यामुळे या स्वयंसेवकांची वाट आणखी बिकट झाली. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २०१२ मध्ये फिनलंडमधील आल्टो विद्यापीठातील जाहीर कार्यक्रमात या कंपनीवर अतिशय कडक शब्दांत टीका केली होती. मे २०२२ मध्ये एनव्हीडियाने आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमध्ये चालणारा भाग खुला केला, ही स्वागतार्ह गोष्ट आहे, परंतु तो ट्युरिंग पिढी आणि तिच्यानंतरच्या कार्डांसाठीच आहे. जुन्या कार्डांच्या मालकांना अजूनही नूव्हो किंवा बंदिस्त ड्रायव्हर यांतूनच निवड करावी लागते. कार्ड विकत घेणाऱ्याने पूर्ण किंमत मोजलेली असताना ते कोणत्या प्रणालीवर चालवायचे याचा निर्णय निर्मात्याच्या गुप्ततेमुळे अडावा, हे न्यायाला धरून नाही.

व्यवहारात उपाय सोपा आहे. स्थापना झाल्यावर इंटरनेट जोडून उबुंटूत ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’ आणि मिंटमध्ये ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडावा, शिफारस केलेला ड्रायव्हर निवडावा आणि संगणक पुन्हा सुरू करावा. यूईएफआयमध्ये ‘सिक्युअर बूट’ ही सोय चालू असेल, म्हणजे ओळखीच्या सहीचेच कार्यक्रम चालू देण्याची दक्षता यंत्र घेत असेल, तर ड्रायव्हर बसवताना एक तात्पुरता पासवर्ड मागितला जातो आणि पुढच्या वेळी संगणक सुरू होताना ‘मॉक मॅनेजमेंट’ नावाचा निळा पडदा येतो. तिथे नवी किल्ली नोंदवण्याचा पर्याय निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. हा पडदा काही सेकंदच थांबतो, आणि घाईघाईत तो ओलांडला गेला तर ड्रायव्हर बसलेला असूनही कर्नल त्याला आत घेत नाही. ‘सगळे नीट केले तरी चालत नाही’ अशा प्रसंगांत हे कारण आवर्जून तपासावे.

एएमडीच्या कार्डांत ड्रायव्हर असूनही फर्मवेअरच्या फाइली नसल्यास पडदा अंधारतो. डेबियन ही डिस्ट्रो मुक्ततेच्या तत्त्वामुळे अशा फाइली आपल्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घेत नसे. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिच्या सदस्यांनी मतदानाने हा नियम बदलला, आणि जून २०२३ मधील डेबियन १२ पासून त्या मूळ इन्स्टॉलरमध्येच मिळतात, म्हणून जुन्या आवृत्तीशी झगडत बसण्यापेक्षा नवी घेणे शहाणपणाचे. हाच सल्ला अगदी ताज्या कार्डांनाही लागू पडतो, कारण कार्ड बाजारात येण्यापूर्वी तयार झालेल्या कर्नलला त्याची ओळख असणे शक्य नसते.

लॅपटॉपमध्ये पुष्कळदा दोन ग्राफिक्स यंत्रणा असतात, एक प्रोसेसरमधील काटकसरी आणि दुसरी अधिक ताकदीची. कित्येक लॅपटॉपांत बाहेरच्या मॉनिटरचा एचडीएमआय पोर्ट या दुसऱ्या यंत्रणेलाच जोडलेला असतो. त्यामुळे लॅपटॉपचा स्वतःचा पडदा उत्तम दिसतो आणि बाहेरचा मॉनिटर मात्र मुळीच ओळखला जात नाही. अशा वेळी केबली बदलत बसण्यापेक्षा दुसऱ्या यंत्रणेचा ड्रायव्हर बसवावा.

ड्रायव्हर ठीक असूनही चित्र चुकीच्या मापाचे येते, तेव्हा शोध मॉनिटर आणि संगणक यांच्यातील संभाषणाकडे वळवावा लागतो. प्रत्येक आधुनिक मॉनिटरमध्ये त्याच्या क्षमतेची एक नोंद साठवलेली असते. तिला ‘ईडीआयडी’ म्हणतात आणि तिचे मानक व्हेसा या संस्थेने १९९४ मध्ये प्रसिद्ध केले. तिचा मूळ गट केवळ १२८ बाइटचा असतो, पण त्यात निर्मात्याची ओळख, पडद्याची सेंटिमीटरमधील लांबी-रुंदी, चालणारी मापे आणि सर्वांत योग्य मापाची अचूक वेळापत्रके एवढे सारे बसवलेले असते. शेवटचा बाइट पडताळणीचा असतो. सर्व १२८ बाइटांची बेरीज २५६ ने निःशेष भागली गेली नाही तर नोंद वाटेत बिघडली आहे असे कर्नल मानतो. ही नोंद चित्राच्या तारांतून न येता त्याच केबलमधील वेगळ्या बारीक तारांतून येते, आणि खरी गोम इथेच आहे. जुन्या निळ्या टोकाच्या व्हीजीए केबलमध्ये १५ पिनांपैकी १२ वी आणि १५ वी पिन या संभाषणासाठी असते. त्यांतील एक वाकलेली किंवा तुटलेली असली तरी रंग आणि चित्र व्यवस्थित येते, फक्त मॉनिटर कोण आहे हे संगणकाला कळत नाही. मग कर्नल कोणत्याही मॉनिटरला झेपेल अशा १०२४ बाय ७६८ पर्यंतच्या सुरक्षित मापांवर थांबतो, आणि रुंद पडद्यावर अक्षरे पसरट दिसू लागतात.

जुने व्हीजीए मॉनिटर नव्या संगणकांना स्वस्त कन्व्हर्टर लावून जोडले जातात तिथे हा दोष वारंवार भेटतो. एचडीएमआयचा संकेत अंकीय आणि व्हीजीएचा अखंड विद्युत-लहरींचा असल्यामुळे कन्व्हर्टरमध्ये संकेत बदलणारी चिप असावी लागते, आणि हलक्या प्रतीचे कन्व्हर्टर मॉनिटरची खरी नोंद पुढे न पाठवता स्वतःचीच भलती नोंद सांगतात. एकच मॉनिटर दोन संगणकांत वाटणारे स्विचही असेच वागू शकतात. म्हणून सॉफ्टवेअरला हात लावण्यापूर्वी मधली सर्व साधने काढून, दुसरी केबल लावून पाहणे हाच पहिला नियम असावा. कर्नलला काय ऐकू आले हे ‘सिस’ या फोल्डरातील ‘क्लास’ आणि त्यातील ‘डीआरएम’ येथे पाहता येते. तिथे प्रत्येक पोर्टचा स्वतंत्र फोल्डर असून ‘स्टेटस’ या फाइलीत मॉनिटर जोडलेला आहे की नाही ते लिहिलेले असते, आणि जोडलेला असूनही ‘ईडीआयडी’ ही फाइल रिकामी निघाली तर संशयाला जागा उरत नाही.

या संदर्भात १३६६ बाय ७६८ या, स्वस्त लॅपटॉपांत आणि लहान मॉनिटरांत सर्रास आढळणाऱ्या, मापाची कहाणी सांगण्यासारखी आहे. ईडीआयडीमधील मापांच्या संक्षिप्त यादीत रुंदी आठाच्या पटीतच लिहिता येते आणि १३६६ ला आठाने पूर्ण भाग जात नाही, त्यामुळे तिथे हे माप लिहिणेच अशक्य असते आणि ते सविस्तर वेळापत्रकातूनच सांगावे लागते. ते वाचले गेले नाही आणि माणसाने हाताने माप बनवायला घेतले, तर वेळापत्रक काढून देणारा ‘सीव्हीटी’ हा कार्यक्रमही १३६६ मागितल्यावर १३६८ चे उत्तर देतो. दोन ठिपक्यांचा हा फरक क्षुल्लक वाटला तरी पडद्याला चित्र किंचित दाबून बसवावे लागते आणि अक्षरांच्या कडा पुसट होतात.

मॉनिटरची नोंद मिळतच नसेल तर माप हाताने सांगण्याचे दोन मार्ग आहेत. एक्स वापरणाऱ्या डेस्कटॉपवर ‘एक्सरँडआर’ या आदेशाने नवे माप तयार करून ते पोर्टला जोडता येते, पण ते पुढच्या लॉगिनपर्यंतच टिकते. फेडोराने २०१६ मध्ये आपल्या २५ व्या आवृत्तीपासून आणि उबुंटूने २०२१ पासून वेलँड हा मुख्य मार्ग केला, आणि तिथे हा आदेश अशी मापे तयार करू शकत नाही. म्हणून जुन्या पुस्तकांतील सल्ले आज अनेकांना निरुपयोगी वाटतात. दोन्हीकडे चालणारा मार्ग म्हणजे ग्रबमधल्या त्याच ओळीत ‘व्हिडिओ’ हा पर्याय लिहून पोर्टचे नाव, माप आणि ६० हर्ट्झसारखा वेग कर्नललाच सांगणे. ‘आउट ऑफ रेंज’ ही सूचना दिसत असेल तर याच ओळीत मॉनिटरला झेपणारे कमी माप द्यावे. नळीच्या जुन्या मॉनिटरांच्या काळी ही मापे एका फाइलीत हाताने लिहावी लागत आणि चुकीच्या आकड्याने मॉनिटरला इजा होण्याची भीती असे. आजचा सपाट पडदा न झेपणारा संकेत नाकारून केवळ सूचना दाखवतो, त्यामुळे प्रयोग करायला हरकत नाही.

टीव्हीवर कडा कापल्या जात असतील तर दोष टीव्हीच्या जुन्या सवयीचा असतो, आणि त्याच्याच मेनूत ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ अशा नावाचा पर्याय निवडल्यावर तो जातो. फोर-के पडदा ३० हर्ट्झवरच अडत असेल तर केबल किंवा पोर्ट एचडीएमआय १.४ चा असावा. ६० हर्ट्झसाठी २०१३ मध्ये आलेले २.० हे मानक लागते. त्यापुढील २.१ साठी एएमडीने मांडलेला खुल्या ड्रायव्हरचा प्रस्ताव एचडीएमआय फोरमने नाकारल्याचे फेब्रुवारी २०२४ मध्ये उघड झाले, त्यामुळे लिनक्ससाठी नवा मॉनिटर घेणाऱ्याने डिस्प्लेपोर्ट असलेला मॉनिटर पसंत करावा.

एवढे करूनही मार्ग सापडला नाही तर जाणकारांची मदत घ्यावी, मात्र ‘पडदा काळा आहे’ एवढ्यावर कोणालाही निदान करता येत नाही. ग्राफिक्स कार्डाचे आणि मॉनिटरचे मॉडेल, डिस्ट्रोची आवृत्ती, केबलचा प्रकार आणि चित्र कोणत्या टप्प्यावर गेले ही माहिती द्यावी; ‘जर्नलसीटीएल’ या आदेशाला मागील सत्राची नोंद मागितली की अंधारातल्या वेळी कर्नलने लिहिलेले संदेश बसवलेल्या प्रणालीत बहुधा सापडतात, तेही सोबत जोडावेत.

यांतील बरेचसे कष्ट आधीच टाळता येतात. बहुतेक प्रमुख डिस्ट्रो पेन ड्राइव्हवरून, डिस्कला हात न लावता, चाचणी म्हणून चालवता येतात. वाचकांना आग्रहाची विनंती आहे की त्या अवस्थेत पडद्याचे माप बरोबर आहे का, उजेड कमी-जास्त होतो का, बाहेरचा मॉनिटर ओळखला जातो का आणि संगणक झोपवून उठवल्यावर चित्र परत येते का, एवढे पाहावे, महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे ठेवावी, आणि मगच ‘इन्स्टॉल’ हे बटण दाबावे.